नाताळच्या सुट्टीत वजन वाढू नये म्हणून: २० डिसेंबर ते ६ जानेवारी, टप्प्याटप्प्याने

दरवर्षी बहुतेक घरांत तेच होतं. चोवीस तारखेला दिवसभर उपाशी राहायचं, पंचवीसला पोट फुटेपर्यंत जेवायचं, सव्वीसला हळहळायचं आणि मग ‘आता एक तारखेपासूनच बघू’ म्हणत आठवडाभर फराळाच्या डब्यात हात घालत राहायचं. जानेवारीत काटा दीड-दोन किलो जास्त दाखवतो आणि सगळा दोष सोरपोतेलच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट रश्शाच्या, माथी मारला जातो.

हिशेब मांडून बघा. २४ डिसेंबर ते ६ जानेवारी, म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत, १४ दिवस होतात. त्यातले खरे जेवणावळीचे दिवस चारच: २४ ची रात्र, २५, ३१ आणि १ जानेवारी. या चारही दिवशी गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त गेल्या, तर ४,००० झाल्या. उरलेल्या दहा साध्या दिवशी चहाबरोबर मूठभर कलकल (मैद्याचे तळलेले गोड तुकडे), दुपारी केकचा तुकडा असं करत रोज ४०० जास्त गेल्या, तरी ४,०००च होतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. म्हणजे दोन्ही मिळून किलोभर चरबी, आणि त्यातली निम्मी अशा खाण्याची की जे खाल्ल्याचं संध्याकाळी आठवतही नाही.

म्हणून सणाचे चार दिवस मनापासून जेवा. राखायचे आहेत ते मधले दहा दिवस. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरणं गोवा, वसई आणि मुंबईतल्या नाताळ साजरा करणाऱ्या घरांची आहेत. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्यांसाठी वेगळा भाग शेवटाकडे आहे.

आधी हे वाचा: हे मार्गदर्शन निरोगी प्रौढांसाठी आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या वयातल्या मुलांनी या दिवसांत खाणं तोडू नये. ज्यांना खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झालेला आहे त्यांनी वजन करण्याचा टप्पा सरळ सोडून द्यावा.

## टप्पा १: २० तारखेच्या आत मोजमाप

सुरुवातीचा आकडाच नसेल तर शेवटी काय झालं ते कळणार कसं? १८, १९ आणि २० डिसेंबरला सलग तीन दिवस वजन करा आणि तिन्हींची सरासरी लिहून ठेवा. सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, हलक्या कपड्यांत. काटा फरशीवर ठेवा. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवला तर आकडा चुकतो.

जोडीला कंबर मोजा. शिवणाची टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधून न्या, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. भारतीयांसाठी पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. तिच्या वर असाल तर या पंधरा दिवसांत वजन कमी करायला निघू नका. वाढू न देणं हेच उद्दिष्ट पुरेसं आहे.

त्यानंतर आठवड्यातून दोनदाच वजन करा, सोमवार आणि गुरुवार असे वार ठरवून. हे वरवर क्षुल्लक वाटतं, पण उपयोगी आहे. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी नाताळाच्या दिवसांत २७२ जणांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने आठवड्यातून किमान दोनदा वजन केलं. त्यांना काही सोप्या सूचना आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावं लागेल याची माहिती दिली होती. दुसऱ्या गटाला फक्त आरोग्याचं पत्रक मिळालं. पत्रकवाल्यांचं वजन सरासरी सुमारे ०.४ किलो वाढलं, पहिल्या गटाचं वाढलं नाही.

सावधान: जेवणावळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर उभे राहू नका. मीठ आणि पिष्टमय पदार्थ शरीरात पाणी धरून ठेवतात, त्यामुळे एका रात्रीत किलो-दीड किलो जास्त दिसतं. ती चरबी नसते. घाबरून उपास केला की पुढचा सगळा क्रम मोडतो.

## टप्पा २: फराळ किती, कधी आणि कुठे ठेवायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण वजनाचा विषय ताटावर बसल्यावर सुरू होतो अशी समजूत आहे. खरं तर तो पीठ मळायला घेताना सुरू होतो.

प्रमाण ठरवा. अर्ध्या किलो मैद्याचे साधारण पाऊण ते एक किलो कलकल होतात. चौघांच्या घराला १४ दिवसांत त्यातले ४०० ग्रॅम पुष्कळ झाले. बाकीचे शेजारी-नातेवाइकांना द्यायचे. म्हणून आधी किती घरांना ताट जाणार त्याची यादी करा, प्रत्येक घराला किती हे ठरवा, मग मैदा मोजा. ‘कमी पडायला नको’ म्हणून केलेला जादा किलो हमखास घरातच संपतो.

तारीख पुढे ढकला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तळलेला फराळ नाताळाच्या आधीच निम्मा होतो आणि मग पुन्हा तळावा लागतो. कलकल, नेवऱ्या (करंज्या) आणि रोझ कुकीज २० ते २२ तारखेदरम्यान करा. दोदोल (नारळाचं दूध आणि गुळाची मिठाई) आणि केक आधी केले तरी चालतात. दोदोल टिकतो, आणि सुका मेवा घातलेला केक मुरला की चांगला लागतो.

तेल तापू द्या. कोमट तेलात सोडलेला कलकल तेल पितो. तेल १७० ते १८० अंश हवं. थर्मामीटर नसेल तर पिठाची बोराएवढी गोळी टाकून बघा: ती बुडबुडे येत लगेच वर यायला हवी. तळाशी बसून राहिली तर तेल कमी तापलंय. वर येता येता काळपटली तर जास्त तापलंय. एका वेळी कढईत गर्दी केली की तेल थंड पडतं, तेव्हा घाणे लहान घ्या. निथळल्यावर कागदावर पसरा, एकावर एक ढीग करू नका.

नेवऱ्यांना वरून थोडं तूप लावून त्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर भाजता येतात, आणि खोबऱ्याचं सारण असल्यामुळे चव फारशी उतरत नाही. कलकल मात्र भाजून चांगले होत नाहीत. ते तळूनच करा, पण वरचा साखरेचा पाक गाळा. पिठात साखर आणि नारळाचं दूध असतंच.

तळताना खाणं हे खाणंच आहे. एका लहान कलकलमध्ये वीसेक कॅलरी असतात. कढईपाशी ‘बघू कसा झालाय’ म्हणत दहा गेले तर २०० झाल्या. तळायला पोटभर जेवूनच बसा, आणि चव घ्यायला प्रत्येक पदार्थाचा एकच नग बाजूला काढा.

गार झाल्या झाल्या बांधा. बाहेर द्यायचा फराळ त्याच दिवशी डब्यांत भरून, नाव लिहून वेगळा ठेवा. घरातला भाग लहान डब्यांत वाटा: एक डबा म्हणजे घरातल्या सगळ्यांचा एका दिवसाचा वाटा. डबे फडताळात, डोळ्यांच्या उंचीच्या वर ठेवा. जेवणाच्या टेबलावर उघडी बशी ठेवू नका. पाहुणे आले की काढा, गेले की उचला.

अंदाजासाठी काही आकडे. आकार आणि कृतीप्रमाणे ते थोडेफार बदलतील:

- कलकल, ५० ग्रॅम (मोठी मूठ): सुमारे २२० ते २५०
- नेवरी, मध्यम एक: सुमारे १५० ते १८०
- सुक्या मेव्याचा केक, ६० ग्रॅमचा तुकडा: सुमारे २०० ते २२०
- बेबिंका (थरांचा गोवन केक), ५० ग्रॅमचा तुकडा: सुमारे २००. अंड्यातला बलक, नारळाचं दूध, साखर आणि तूप, सगळं एकाच तुकड्यात येतं

तपासा: २३ तारखेच्या रात्री घरात उरलेला फराळ वजनकाट्यावर ठेवा. माणशी २५० ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर आणखी एक ताट भरून कुणाकडे तरी पाठवा.

## टप्पा ३: व्यायामाची किमान पातळी

सुट्टीत व्यायाम वाढवू नका, तो तुटू देऊ नका. २० तारखेलाच किमान पातळी ठरवा, इतकी लहान की पाहुणे असतानाही जमेल:

रोज ३० मिनिटं चालणं आणि आठवड्यातून तीनदा २० मिनिटांचा ताकदीचा व्यायाम. चालण्याचा वेग मिनिटाला सुमारे १०० पावलं: बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. ताकदीच्या व्यायामाला साधनं लागत नाहीत:

1. बैठका १५
2. जोर ८ ते १२. जमिनीवर जमत नसतील तर ओट्याच्या कडेला हात टेकवून
3. उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, १५
4. जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढ-उतार, प्रत्येक पायाने १०
5. कोपरांवर प्लँक, ३० सेकंद

हे एक आवर्तन. एक मिनिट थांबून अशी तीन करा. शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत. अजिबात जड जात नसेल तर पाठीला पाच किलो भरलेली सॅक लावा. सूर्यनमस्कारांची सवय असेल तर एखाद्या दिवशी याऐवजी सावकाश १२ ते २४ घाला.

वेळ सकाळचीच ठेवा. दहा-अकरानंतर दारावरची बेल वाजायला लागते आणि संध्याकाळ कधीच आपली राहत नाही.

नेहमीची चूक: ‘खाल्लंय ते जिरवतो’. ६५-७० किलोच्या माणसाच्या अर्धा तास भरभर चालण्याने १२० ते १५० कॅलरी खर्च होतात, म्हणजे केकचा एक तुकडासुद्धा वसूल होत नाही. सव्वीस तारखेला एकदम दोन तास धावलं तर अंग भरून येतं आणि पुढचे चार दिवस पाऊल उचलत नाही. व्यायामाने भूक, झोप आणि स्नायू जागेवर राहतात. त्यासाठीच तो करायचा.

सावधान: गारठ्यात पहिली पाच मिनिटं सावकाश चाला. छातीवर दाब, हात-जबड्यात कळ किंवा गरगरणं जाणवलं तर तिथेच थांबा आणि लगेच डॉक्टर गाठा.

## टप्पा ४: २४ ची रात्र आणि २५ चं जेवण

२४ ला उपाशी राहू नका. दिवसभर रिकाम्या पोटी राहून मिस्सानंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) घरी आलेला माणूस समोर पहिलं दिसेल ते खातो, आणि पहिला दिसतो तो केक. सकाळी दोन अंडी आणि पोळी, दुपारी भात-आमटी, भाजी आणि मासा, आणि मिस्साला निघण्याआधी एक वाटी दही किंवा फळ. परत आल्यावर केकचा एक तुकडा आणि एक लहान ग्लास वाइन, बसून, सगळ्यांबरोबर. तेवढ्यावर झोपा. पाच-सहा तासांपेक्षा कमी झोप झाली की दुसऱ्या दिवशी गोडाची भूक वाढते, म्हणून २५ ला सकाळी थोडं उशिरा उठलात तरी हरकत नाही. नाश्ता मात्र चुकवू नका.

जेवणाचा क्रम:

1. आधी एक ग्लास पाणी.
2. पहिल्या फेरीत अर्धं ताट कोशिंबीर आणि भाजी. ती टेबलावर असायला हवी, म्हणजे कुणीतरी ती करायला हवी! कोबी-गाजराची कोशिंबीर, फरसबीचं फुगाद (खोबरं घालून परतलेली भाजी), बिटाचं सॅलड, यांतल्या दोन गोष्टी तरी आधीच ठरवा.
3. मग मांस किंवा मासे. तळहाताएवढा, १०० ते १५० ग्रॅमचा भाग.
4. सर्वांत शेवटी सान्ना (तांदळाच्या इडलीसारख्या), फुगे (पिठाचे तळलेले गोळे) किंवा पुलाव. तिघांपैकी एकच. दोन सान्ना किंवा तीन फुगे किंवा एक वाटी पुलाव. या जेवणात लोक घसरतात ते मांसावर नाही, तिन्ही एकाच ताटात आल्यावर.
5. दुसरी वाढ घ्यायची तर पंधरा मिनिटांनी. पोट भरल्याची जाणीव व्हायला तेवढा वेळ लागतोच.
6. गोड जेवणाला लागून नको, तासा-दीड तासाने चहाबरोबर.

सोरपोतेलबद्दल थोडं जास्त. ते दोन-तीन दिवस आधी करतात, कारण व्हिनेगर आणि मसाला मुरावा लागतो. फ्रिजमध्ये ठेवलं की डुकराची चरबी वर येऊन पांढरा, घट्ट थर धरते. गरम करण्याआधी तो थर चमच्याने उचलून काढा. एक मोठा चमचा चरबी म्हणजे सुमारे ११५ कॅलरी, आणि मोठ्या भांड्यातून असे आठ-दहा चमचे सहज निघतात. चव जात नाही. ती रश्शात आणि कलेजीत उतरलेली असते. थर आधीच ढवळून गरम केलं तर मात्र काही उपाय उरत नाही. इंद्यालचंही (व्हिनेगर घातलेल्या डुकराच्या मांसाच्या रश्शाचंही) असंच करा.

तपासा: जेवल्यावर १०-१५ मिनिटं सगळ्यांनी मिळून पायी फिरून आलात का? जेवणानंतर लगेच चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. सोफ्यावर एकदा आडवं झालं की हे होत नाही, म्हणून हात धुतल्या धुतल्या चपला घाला.

## टप्पा ५: घरोघरच्या भेटी

एका संध्याकाळी पाच घरं आणि प्रत्येक घरी बशी. नाही म्हटलं तर वाईट वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. म्हणून नाही म्हणू नका, निवडा. ज्या घरचा जो पदार्थ नावाजलेला असेल त्याचा एकच नग घ्या, सावकाश खा आणि तोंडभर कौतुक करा. बाकीची बशी हातात न घेता टेबलावरच राहू द्या. ‘बांधून द्या, घरी खातो’ हे मात्र टाळा. ते पुडकं रात्री अकरा वाजता उघडतं. वाइन एका संध्याकाळी दोनच घरी घ्या, बाकी ठिकाणी पाणी किंवा बिनसाखरेचा चहा. घरं जवळ असतील तर गाडी काढू नका.

## टप्पा ६: मधले दहा दिवस

२६ ते ३० डिसेंबर आणि २ ते ६ जानेवारी. लेखाचा खरा भार इथे आहे.

२६ ला सकाळी, नाश्त्याच्याही आधी, उरलेल्या जेवणाची व्यवस्था लावा. जेवल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलेलं मांस तीन-चार दिवस चालतं. त्याहून जास्त उरलं असेल तर एका जेवणापुरते डबे करून फ्रीझरमध्ये टाका, तारीख लिहून. रोज उरलेलं संपवायचं म्हणून रोज सणाचं जेवण, हा या दिवसांचा सापळा आहे.

मग प्रत्येक साध्या दिवशी:

- तीन जेवणं ठरल्या वेळी. त्यात एकाच वेळी उरलेलं सणाचं. बाकी दोन वेळा नेहमीचं: भाकरी, पालेभाजी, डाळ, ताक, अंडी.
- फराळ दिवसातून एकदा, बशीत काढून, बसून. नेवरी किंवा केकचा तुकडा किंवा आठ-दहा कलकल. साधारण १५० ते २०० कॅलरींचा हा वाटा धरूनच संध्याकाळची बिस्किटं, फरसाण बंद ठेवा.
- चहा दोनदा, साखर एक-एक चमचा. सुट्टीत घरी असल्यामुळे चहा पाच-सहा वेळा होतो. दोन चमचे साखर धरली तर पाच चहांत नुसत्या साखरेच्याच १६०-२०० कॅलरी जातात.
- झोपण्याची वेळ ठरलेली. रात्री उशिरापर्यंत सिनेमे चालू राहिले की चौथं जेवण सुरू होतं.

तपासा: गुरुवारचं वजन सुरुवातीच्या सरासरीपेक्षा एक किलोच्या आत आहे का? असेल तर काहीही बदलू नका. सलग दोन वेळा त्याहून जास्त आलं तर फराळ एक दिवसाआड करा आणि रात्रीचा भात किंवा एक भाकरी कमी करा. जेवण मात्र वगळू नका.

## टप्पा ७: एकतीस तारीख आणि दारू

एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. साखरेत ४, चरबीत ९. व्हिस्की किंवा रमचा ६० मिलिलिटरचा पेग म्हणजे सुमारे १४०, त्यात २०० मिलिलिटर कोला घातला की आणखी ८०-८५. वाइनचा १५० मिलिलिटरचा ग्लास सुमारे १२०. घरी केलेल्या द्राक्षाच्या वाइनमध्ये साखर असते, ती याहून जास्त. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ३०० च्या वर.

दारूपेक्षा चखणा जास्त नडतो. ३० ग्रॅम खारे शेंगदाणे म्हणजे १७० कॅलरी, आणि गप्पांत मुठी कोण मोजतं? टेबलावर काकडी-गाजराचे काप, उकडलेले चणे, भाजलेली कोळंबी, चिकन काफ्रियाल (हिरव्या मसाल्यातलं चिकन) ठेवा. जेवण नऊच्या आत उरका, दारू जेवणाबरोबर किंवा नंतर घ्या. प्रत्येक पेगनंतर एक ग्लास पाणी. सोड्याबरोबर दोन पेग ही मर्यादा आधी घरच्यांना सांगून ठेवा. जो पीत नाही त्याने नववर्षासाठी म्हणून सुरू करण्याची काहीच गरज नाही.

सावधान: इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी अजिबात पिऊ नये. साखर काही तासांनी, झोपेत, धोकादायक खाली जाऊ शकते, आणि आजूबाजूच्यांना ती नशाच वाटते. गोळ्यांचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, सणाआधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

## सुट्टीवर गोव्याला असाल तर

हॉटेलचा बुफे नाश्ता हाच मुख्य धोका, कारण पैसे आधीच दिलेले असतात. ताट उचलण्याआधी एकदा पूर्ण फेरी मारा, मग अंडी, फळं आणि एकच पिष्टमय पदार्थ घ्या. रस सोडा, फळ खा. दुपारी मासे-भात घ्यायचा तर मासा रवा तळलेला मागवण्याऐवजी रेशाद मसाला (गोव्याचा आंबट-तिखट लाल मसाला) लावून तव्यावर कमी तेलात भाजलेला मिळेल का ते विचारा. भरती-ओहोटी पाहून ओल्या, घट्ट वाळूवर सकाळी चाला. मऊ वाळूत पोटऱ्या आणि टाचा लवकर दुखतात. बेबिंका घरी न्यायची असेल तर निघायच्या दिवशीच घ्या.

## टप्पा ८: ६ जानेवारीनंतर

१ तारखेपासून कडक डाएट सुरू करू नका; सण अजून संपलेला नसतो आणि डबाही. ६ ला उरलेला फराळ संपवा किंवा वाटून टाका. ८, ९ आणि १० जानेवारीला पुन्हा तीन दिवस वजन करून सरासरी काढा आणि कंबर मोजा.

फरक अर्ध्या किलोच्या आत असेल तर नेहमीच्या दिनक्रमाला लागा. अर्धा किलो वाढलं असेल तर ते ३,८५० कॅलरींच्या आसपास आहे: रोज २७५ कमी केल्या तर दोन आठवडे लागतात. त्यासाठी गोड बंद, रात्री एक भाकरी कमी आणि चालणं अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास, एवढं बस्स. एक किलो वाढलं असेल तर हेच चार आठवडे. त्याहून घाई केली तर स्नायू जातात आणि भूक उलटते.

वजन वाढलेलं नाही, पण कंबर दोन सेंटिमीटरने वाढली आहे, असं दिसलं तर आधी टेप पुन्हा नीट लावून बघा, सकाळी, रिकाम्या पोटी. बऱ्याचदा ते पोटातले वायू किंवा बद्धकोष्ठता असते. आठवडाभर पालेभाज्या, ताक आणि पुरेसं पाणी घेऊन पुन्हा मोजा.